बांबूच्या पडद्यांचं खोकं

२ मार्च

वही लिहायला घेतली याचं कारण एवढंच, की घरात बोलायला कुणी नाही. म्हणजे माणूस आहे, पण त्याच्याकडे शब्द नाहीत. नोव्हेंबरात ह्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि तोंडात मोजून चार शब्द उरले: पुढं, न्हाय, पाणी आणि लली. लली म्हणजे मी. पूर्ण ललिता आता जमत नाही. पूर्वीही कधी म्हणत नव्हते म्हणा, 'अगं'वर भागवायचे. डॉक्टर म्हणाले, अशा आजारात एखादा शब्द जिभेवर अडकून बसतो, येताजाता तोच निघतो, त्याचा अर्थ लावत बसू नका. मी नाही लावत. मला वेळही नाही.

सकाळी उठून ह्यांचं अंग पुसायचं, भरवायचं, डबा करायचा, मानकोलीची गाडी पकडायची. दिवसभर गोदामात पॅकिंगच्या लाइनवर उभं राहायचं आणि घरी येऊन पुन्हा तेच. पाय माझे आहेत की दुसऱ्या कुणाचे, ते रात्री कळत नाही.

आज ऑस्ट्रेलियाचा व्हिसा आला. मला आणि आमच्या पार्टीत कीबोर्ड वाजवणाऱ्या विपुलला. सप्टेंबरात मेलबर्नच्या मंडळाने बाबासाहेबांच्या जयंतीच्या कार्यक्रमाचं बोलावणं धाडलं तेव्हा तीन नावं होती, आणि पहिलं नाव ह्यांचं होतं, धम्मपाल. या माणसाने ढोलकीवर आमची गायन पार्टी उभी केली, स्वतः गाणी लिहिली, वाड्यापासून कल्याणपर्यंत एक वस्ती सोडली नाही. विमानात बसायची वेळ आली आणि हातच गेला. मी फोनवर व्हिसाचा कागद दाखवला. त्यांनी बघितला आणि म्हणाले, "पुढं." मी बोटाने पुढचं पान सरकवलं. तिथे काहीच नव्हतं.

६ मार्च, शुक्रवार

शुक्रवारी लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असतात, म्हणून आमची तालीम शुक्रवारी. एरवी भिंतीपलीकडच्या कारखान्याच्या खडखडाटात माझा आवाज मलाच ऐकू येत नाही.

तालमीच्या मध्येच मेलबर्नहून संघरत्नाताईंचा फोन. मंडळाचं सगळं त्याच बघतात. म्हणाल्या, "ताई, ढोलकी मात्र आणू नका हं. चामडं, लाकूड, बी-बियाणं, गवत, असलं काही दिसलं की इथे विमानतळावर अडवून ठेवतात. उगाच डोक्याला ताप नको."

आणून वाजवणार तरी कोण होतं? आमची ढोलकी आता कीबोर्डमध्ये आहे. तीन वर्षांपूर्वी असाच एक शुक्रवार बघून विपुलने दाराखिडक्यांना चादरी लावल्या, ह्यांना मध्ये बसवलं आणि ढोलकीचा एकेक बोल रेकॉर्ड करून कीबोर्डात भरला. हे तेव्हा चिडले होते, "मला डब्यात भरतोस काय रे?" म्हणून. आता विपुल बटण दाबतो आणि ह्यांचे दोन्ही हात वाजतात. हे पलंगावर पडून ऐकतात. त्या वेळी मी त्यांच्याकडे बघत नाही.

कीबोर्ड माझ्या खांद्याला लागेल एवढा लांब. विमानात जवळ ठेवता येत नाही, विमानाच्या पोटात टाकावा लागणार, आणि वाटेत सिंगापूरला विमान बदलायचं. तो धड पोचला नाही तर ढोलकी नाही. आणि ढोलकीशिवाय मी जन्मात कधी गायलेले नाही. लग्न झाल्यापासून भाकरी थापताना गुणगुणले तरी हे पाटावर बोटं वाजवायचे. त्यांच्या ठेक्याशिवाय माझा गळा म्हणजे दांडीशिवाय वाळत घातलेलं लुगडं. हे मी विपुललाही सांगितलेलं नाही.

११ मार्च

शकिला आली होती. ती माझ्याच लाइनवर आहे, परत आलेला माल तपासते. रोजा सुटल्यावर आली, ह्यांच्यासाठी खजूर घेऊन. तिचा भाऊ अय्यूब बारा वर्षं कुवेतला होता, दर सुट्टीला टीव्ही नाहीतर मिक्सर घेऊन यायचा. म्हणून तिलाच विचारलं.

"अगं, साधं सरळ विमान असतं तर काही टेन्शन नव्हतं," ती म्हणाली. "कनेक्शन म्हणजे काय, एकातून काढणार, दुसऱ्यात फेकणार. डबल फेकाफेकी. और पहिलं विमान लेट झालं ना, तर माणूस पळत पळत पोचतो, सामान मागे राहतं. अय्यूबचा एक टीव्ही पाच दिवसांनी आला होता. शादी निपट गई, तब टीव्ही आया."

मग बोटं मोजत सांगत सुटली. तिकीट एकच हवं, म्हणजे मुंबईत लावलेली चिठ्ठी थेट शेवटपर्यंत चालते. ती चिठ्ठी डोळ्यांनी वाचून घ्यायची. बॅटरी, पॉवर बँक सामानात टाकायची नाही, जवळ ठेवायची. मशीनचा नंबर, फोटो, बिल फोनमध्ये हवं. नाव-पत्ता बाहेर एक आणि आतही एक, कारण बाहेरचा फाटतो. आणि खोक्यावर कीबोर्डचं चित्र अजिबात नको.

शेवटचं मला सांगायची गरज नव्हती. ज्या खोक्यावर चकचकीत चित्र, त्याच्याकडे दहा डोळे वळतात, हे मी रोज बघते. 'नाजूक' अशी लाल चिठ्ठी चिकटवली की माणसं हळू उचलतात हाही गैरसमज आहे. दिवस संपत आला की सगळीच खोकी दगडमातीची होतात.

हे सगळं ऐकत होते. शकिला निघाली तेव्हा तिच्याकडे बघून म्हणाले, "पुढं." ती बिचारी दोन पावलं पुढे आली आणि तशीच उभी राहिली.

१३ मार्च, शुक्रवार

आज ह्यांनी विचित्रच केलं. कीबोर्डची वायर त्यांच्या उशाजवळच्या बोर्डात लावलेली असते, दुसरा बोर्ड नाही घरात. मी 'ओंजळ' गात होते. चवदार तळ्यावरचं गाणं, ह्यांचंच:

ओंजळ भरली माझी बाई, ओंजळ भरली गं
किती पिढ्यांची तहान आजला पाण्यामधी तरली गं

दुसऱ्या कडव्याला होते आणि खट्. ढोलकी गायब. ह्यांनी डावा हात लांबवून बटण बंद केलं होतं. मी थांबले. विपुल म्हणाला, "काका, चुकून लागला काय हात?" हे माझ्याकडे बघत म्हणाले, "पुढं."

विपुलने उशी पुढे सरकवली. मी पाणी दिलं. त्यांनी मान फिरवली. पुन्हा सुरू केलं तर तिसऱ्या कडव्याला पुन्हा खट्. असं तीनदा. विपुल एका मोबाइलच्या दुकानात दुरुस्तीचं काम करतो, त्याला लगेच घाम फुटला. चालू मशीन असं मारलं की आतला डेटा उडायची भीती असते म्हणे. सगळं पेनड्राइव्हवर उतरवून ठेवलंय, पण ते याच मशीनला वाचता येतं, दुसऱ्या कुठल्या नाही.

तालीम सोडून दिली. डोकं उठलं होतं.

२० मार्च, शुक्रवार

चवदार तळ्याचा दिवस. सकाळी शेलार गावच्या विहारात वंदना झाली, लोकांनी 'ओंजळ' म्हणायचा आग्रह केला. कीबोर्ड नेला नव्हता. घसा बसलाय म्हणून वेळ मारून नेली. माझा घसा अगदी ठणठणीत होता.

संध्याकाळच्या तालमीत पुन्हा तोच प्रकार. खट्, आणि "पुढं." मी बटण चालू केलं की हे बंद करणार. लहान मुलासारखं. वायर दुसरीकडे न्यावी म्हणून विपुलने एक्स्टेंशन आणली, तर हे "न्हाय, न्हाय" करत इतके लाल झाले की मीच म्हटलं राहू दे बाबा.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, चिडचिड होणार, तुम्ही समजून घ्या. समजून घेणारी गोळी मिळाली तर ती मलाच द्या, असं तोंडावर आलं होतं.

२२ मार्च

शकिलाने ईदचा शीरखुर्मा पाठवला. ह्यांनी दोन वाट्या खाल्ला. त्यांना भरवताना वाटलं, नऊ दिवस हे काम मला नसेल. खरं लिहायचं तर जयंतीचा, परदेशाचा, विमानाचा जेवढा आनंद आहे त्याहून जास्त याचा आहे. नऊ दिवस कुणी पाणी मागणार नाही. मग वाईट वाटलं आणि त्यांना तिसरी वाटी दिली. त्याची उलटी झाली.

२९ मार्च

खोकं मिळालं! गोदामात बांबूच्या पडद्यांचा माल येतो, चिका म्हणतात ते. लांबडं, पाच थरांचं, कडक खोकं. एका परत आलेल्या मालाचं रिकामं होतं, सुपरवायझरला विचारून घेतलं. कीबोर्ड आत ठेवून चारी बाजूंनी चार बोटं जागा उरते, म्हणजे फोम भरायला हवी तेवढीच.

आणि सगळ्यात झकास म्हणजे बाहेर बांबूच्या पडद्याचं भलंमोठं चित्र, खाली इंग्रजीत मोठ्या अक्षरात तेच. कुठला चोर बांबूचे पडदे चोरेल? शकिलाने टाळी दिली. म्हणाली, "एकदम कचरा दिसतंय. कोई हाथ नहीं लगाएगा."

घरी आणून ह्यांना दाखवलं. मी पॅकिंग करते म्हणजे नक्की काय करते, हे ह्यांनी कधी बघितलं नव्हतं. आज सगळं करून दाखवलं. बटणांवर मऊ कापड, पट्ट्यांवर सपाट फोम, मग बबल रॅपचे तीन वेढे, कोपऱ्यांना जाड फोमचे तुकडे, आणि बंद करून हलवलं तर आत जराही आवाज नाही. ह्यांनी खोक्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. छताकडे बघत पडून होते. वाईट वाटलं. इतकी वर्षं मी त्यांच्या ढोलकीला दाद दिली, त्यांना माझ्या एका खोक्याला देता येऊ नये?

३ एप्रिल, शुक्रवार

आज मी ओरडले. निघायचं बारा दिवसांवर आलेलं, आणि हा माणूस आज चौथ्यांदा बटण बंद करतो. मी म्हटलं, "जळता काय माझ्यावर? मी चालले आणि तुम्ही इथे राहिलात म्हणून? मी मागितलं होतं का हे?" विपुल उठून बाहेर गेला.

हे म्हणाले, "न्हाय." मग डोळ्यांत पाणी. मग डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "लली. पुढं."

मी मनगट सोडवून घेतलं आणि भांडी घासायला बसले. घासलेलीच पुन्हा घासली.

१० एप्रिल, शुक्रवार

ठरवलं होतं, आज काही बोलायचंच नाही. बटण बंद झालं तेव्हा मी ह्यांच्याकडे पाठ केली आणि हट्टाने गात राहिले. बंद तर बंद. मला काय कुणाची गरज आहे, असं म्हणत म्हणत दुसरं कडवं पार केलं, तिसऱ्याला लय संथ व्हायला हवी तिथे धावले, धापा टाकत शेवटाला आले. राग होता, गाणं नव्हतं. मागे पलंगाच्या पट्टीवर टक टक आवाज येत होता. वळून बघितलं तर ह्यांचं बोट. मी बघताच थांबलं.

विपुल म्हणाला, "काकी, बिना रिदमचं पण बरं वाटतं ऐकायला." त्याला काय कळतंय.

१५ एप्रिल

काल जयंती, रात्रभर मिरवणूक, डोळ्याला डोळा नाही. आज दुपारी अंबाडीहून द्रौपदीवन्सं आल्या, ह्यांच्या थोरल्या बहीण. घरात पाऊल टाकताच म्हणाल्या, "तू बिनघोर जा. माझा भाव हाय त्यो, मी बगते. न्हाय ऐकलं तर कान पिळीन."

खोकं शेवटचं बंद केलं. वायर आणि अडॅप्टर माझ्या हातातल्या पिशवीत, पेनड्राइव्ह विपुलच्या खिशात. विपुलने खोक्यात एक छोटं बटणाएवढं यंत्र टाकलंय, खोकं कुठे आहे ते फोनवर दिसतं.

निघताना ह्यांच्या पाया पडले. त्यांनी खोक्याकडे बघितलं नाही, माझ्या गळ्याला बोट लावलं. मला वाटलं मंगळसूत्र काढून ठेव म्हणतात, विमानतळावर आवाज होतो ना. काढून वन्संकडे दिलं.

विमानतळावर बसून लिहितेय. खोकं मोठ्या सामानाच्या खिडकीवर दिलं. चिठ्ठी डोळ्यांनी वाचली, शेवटी मेलबर्नच लिहिलंय. देणाऱ्या मुलीने चित्र बघून विचारलं, "बांबू के परदे?" मी म्हटलं, "खोकं पडद्याचं आहे, आत म्युझिक आहे." ती हसली. विमान दीड तास उशिरा आहे.

१६ एप्रिल

आलो. खोकं नाही आलं.

सिंगापूरला आम्ही अक्षरशः धावलो. एवढ्या लांब विमानतळावर साडीत धावणारी मी एकटीच असेन. आम्ही विमानात शिरलो आणि मागे दार बंद झालं. शकिलाचे शब्द आठवत होते, माणूस पळत पळत पोचतो. मेलबर्नला पट्ट्याजवळ सगळ्यांच्या बॅगा संपेपर्यंत उभे राहिलो. शेवटी एकच लाल बॅग गोल गोल फिरत होती, ती आमची नव्हती. विपुलने फोन दाखवला. खोकं सिंगापुरात होतं.

खिडकीवरच्या बाईंनी आमची तक्रार लिहून घेतली, चिठ्ठीचा नंबर घेतला, उद्याच्या विमानाने येईल म्हणाल्या. संघरत्नाताई घ्यायला आल्या होत्या, त्यांनी मला मिठी मारली. मी रडले नाही. रडायलाही अंगात काहीतरी लागतं.

घरी फोन केला. वन्संनी उचलला. मी म्हटलं, ह्यांना सांगू नका. मागून ह्यांचा आवाज आला, "लली?" मग वन्संनी सांगूनच टाकलं, त्यांच्या पोटात काही राहत नाही. मग "पुढं."

या वेळी मला खरंच राग आला. पुढं काय पुढं!

१८ एप्रिल

खोकं काल रात्री इथल्या विमानतळावर पोचलं. फोनवर दिसतंय, आमच्यापासून अर्ध्या तासावर. पण मिळणार नाही. संघरत्नाताईंनी सकाळपासून फोन केले तेव्हा कळलं. मालकाशिवाय आलेलं सामान, आणि वर हे एवढं मोठं बांबूचं चित्र. इथल्या शेतीखात्याच्या माणसांनी बाजूला काढून ठेवलंय. बांबूतून किडे येतात म्हणे. आत बांबू नाही, कीबोर्ड आहे, असं ताईंनी चारदा सांगितलं. पलीकडचा माणूस फार सभ्य होता, सॉरी म्हणाला, पण उघडून तपासल्याशिवाय देता येत नाही, आणि तपासणी सोमवारी.

कार्यक्रम उद्या, रविवारी.

चामडं, लाकूड, गवत म्हणून ताईंनी मला कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, आणि मी शोधून शोधून बांबूचं खोकं घेतलं. चोराला फसवलं आणि साहेबाला घाबरवलं. शकिलाला कळवलं तर तिने आधी कपाळ बडवल्याचं चित्र पाठवलं, मग लिहिलं, दुआ करते.

ताईंनी कुणाच्या तरी मुलाचा छोटा कीबोर्ड आणला. विपुल त्यावर सूर धरू शकेल, पण ठेक्याची बटणं दाबली की डिस्को वाजतो. तबला वाजवणारे एक गृहस्थ इथे आहेत, ते परगावी गेलेत. विपुल म्हणाला आपल्या जुन्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग फोनवरून लावू. लावून बघितलं. त्यात ह्यांच्या ढोलकीवर माझाच दहा वर्षांपूर्वीचा आवाज गातोय, तरणाबांड, आणि मी त्याच्यामागे धावतेय. बंद कर म्हटलं.

ताई म्हणाल्या, "नाही जमलं तर भाषणं वाढवू." तीनशे माणसं येणार आहेत. कुणी कुणी चार तास गाडी चालवून.

१९ एप्रिल

झालं.

आधीचं सगळं पुसट आठवतंय. शाळेचा हॉल, निळे झेंडे, पहिल्या रांगेत म्हाताऱ्या बायका पांढऱ्या साड्यांत, बाहेर कडाक्याचा वारा. विपुलने वन्संना फोन लावून तो समोर टेकवून चालूच ठेवला होता. पहिली दोन गाणी लोकांनी टाळ्यांवर उचलून धरली, बरी झाली. मग 'ओंजळ'. ते टाळ्यांचं गाणं नाही. ताईंनी सांगितलं असावं, सगळे गप्प बसले.

मी धृपद घेतलं आणि थांबले, जिथे ढोलकी उठते तिथे. उठली नाही. तो क्षण मी आयुष्यात विसरणार नाही. आणि त्या रिकाम्या जागेत माझ्या कानात स्पष्ट खट् झालं. आमच्या बोर्डाचं बटण. आणि माझा गळा आपोआप पुढे गेला. कुठून कसा कोण जाणे. पहिलं कडवं, दुसरं, तिसऱ्याला जरा धावले ते मला कळलं, पण थांबले नाही. शेवटच्या ओळीला पांढऱ्या साडीतल्या एका आजींनी ओंजळ करून वर धरली, मग शेजारणीने. मला पुढचं दिसेना.

लोक म्हणाले, असं गाणं वाजपाशिवायच म्हणावं. मी म्हटलं, बाबासाहेबांची कृपा. विपुल माझ्याकडे बघत होता, काहीतरी बोलणार होता, पण मग जेवायला बोलावलं.

२० एप्रिल

दुपारी खोकं आलं. एका कडेला चिरून पुन्हा सरकारी टेपने बंद केलेलं, आत फोम जसाच्या तसा. कीबोर्ड लावून बघितला. एक ओरखडा नाही. ढोलकी खणखणीत वाजली. इतकं सुरेख पॅकिंग मी जन्मात केलेलं नाही, आणि ते कुणाच्या काही उपयोगाला आलं नाही. विपुल हसत सुटला, मग मीही हसले, मग ताईही.

परतीला खोक्यावरचं चित्र काळ्या टेपने झाकलं.

२४ एप्रिल, शुक्रवार

सकाळी घरी. खोकंही आमच्याबरोबरच आलं, आता त्याला कसली घाई नव्हती. ते ह्यांच्या पलंगाला टेकवून ठेवलं. अंग नुसतं ठणकत होतं, पण ह्यांना बघून बरं वाटलं. वन्संनी दाढी करून दिली होती, गालावर दोन ठिकाणी कापलं होतं.

चहा घेताना वन्सं म्हणाल्या, "तुझं गाणं ऐकलं गं. इतवारचे लूम चालू, त्यो आवाज! मंग मी फोन याच्या कानालाच लावला. सगळा येळ याचा हात पलंगाव चालू. टक टक, टक टक. आन तिसऱ्या कडव्याला बोल्ला बग."

"काय बोलले? पुढं?"

"न्हाय गं. 'घाई.' असं बोल्ला. 'घाई, घाई.' माझ्या अंगाव काटा आला. इतकं म्हयनं झालं, नवा शब्द न्हाय फुटला याला."

चार शब्दांत पाचव्याची भर पडली, आणि तीसुद्धा माझी चूक काढायला. तीस वर्षांत हा माणूस बदलला नाही.

संध्याकाळी लूम बंद, घर शांत. वन्सं अंबाडीला गेल्या. मी खोकं उघडायला कातर घेतली. म्हटलं, कीबोर्ड लावून देते, ऐका तुमची ढोलकी, जग फिरून आली. वायर घेऊन बोर्डापाशी गेले, तर ह्यांनी डावा हात बटणावर झाकून धरला.

"आता कशाला?" मी म्हटलं. "आता कार्यक्रम झाला. आता काय सामान हरवणार आहे?"

त्यांनी हात तसाच ठेवला. आणि बोलून झाल्यावर माझं वाक्य माझ्याच कानात शिरलं. शकिला त्या दिवशी इथेच, याच पलंगाशेजारी बसून कुवेतचा टीव्ही सांगत होती. त्याच्या पुढच्याच शुक्रवारी पहिल्यांदा बटण बंद झालं होतं. मी महिनाभर फोम आणि बबल रॅप घेऊन खोक्याला गुंडाळत बसले, आणि हे पलंगावर पडून मला प्रवासाला बांधून तयार करत होते.

इतकं होतं तर सांगायचं ना, असं म्हणायला मी तोंड उघडलं. मग आठवलं, सांगायला त्यांच्याकडे चारच शब्द होते, आणि त्यातला एक ते दर शुक्रवारी माझ्यावर खर्च करत होते.

मी कातर खाली ठेवली. पलंगाच्या कडेला बसून बराच वेळ रडले. त्यांनी रडू दिलं. मग बटणावरचा हात काढून बंद खोक्यावर ठेवला आणि डाव्या हाताने जाड ठोका दिला. आतल्या फोममुळे आवाज दबका आला, पण आला. दुसरा दिला. माझ्याकडे बघितलं.

"घाई," ते म्हणाले.

"हो, कळलं," मी म्हटलं आणि तिसरं कडवं पहिल्यापासून घेतलं, सावकाश.